शपथेवर दिलेलं परीक्षण

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते. त्याला आता काही आठवडे झाले आणि मी अजून चिडलेलीच आहे. सकाळी चहा गाळत होते, फोन वाजला, पलीकडे नानांच्या पत्नी सुमनअक्का. "नाना गयात वं, शुभा... झोपमाच गयात." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो शिवीचा होता. अक्कांनी ऐकला. त्या म्हणाल्या, "दे, दे. त्यासले आवडती." गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं असा रिवाज आहे, पण नानांनी स्वतः आयुष्यात कुणाबद्दल उगीच गोड लिहिलं नाही. तेव्हा मीही फार प्रयत्न करत नाही.

नाना म्हणजे दामोदर सोनवणे. जळगावच्या एका दैनिकात त्यांनी सारी हयात उपसंपादक म्हणून काढली, आणि दर आठवड्याला सिनेमाचं परीक्षण लिहिलं. सोनगीरला आमच्या घरी ते परीक्षण माझे वडील मोठ्याने वाचायचे आणि नानांनी ज्याला झोडपलं असेल तो सिनेमा मुद्दाम पाहायला धुळ्याला जायचे, माणूस खोटं बोलतो की काय ते बघायला. परत येताना म्हणायचे, "खरं बोलना भो." मी सिनेमा शिकून आल्यावर जळगावच्या पिंप्राळ्यात त्यांचं घर शोधत गेले ती त्याच ओढीने. पहिल्याच दिवशी त्यांची एक तऱ्हा समजली. त्यांच्या बसायच्या खोलीत टीव्ही होता आणि त्यांची वेताची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली होती. विनोदी सिनेमा असला की नाना तो एकदा स्वतः पाहायचे आणि दुसऱ्यांदा पाहताना अगदी पुढे, पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायचे. घरी अक्का, भाचे, शेजारीपाजारी. थिएटरात अख्खं पब्लिक. लोक त्यांना येडं समजायचे. ते म्हणायचे, "पिठलं एकट्याला चाखून कळतं. विनोद पंगत बसल्याशिवाय कळत नाही."

माझा सिनेमा होता 'पाहुणी जेवून जाईल'. सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याची मुलगी, तिला पाहायला आलेला मुलगा, आणि त्या पाहण्याच्या कार्यक्रमाचं शूटिंग करायला आलेली कॅमेरावाली. नायिकेचा दोघांवरही जीव जडतो आणि मग दोन तास नुसता गोंधळ. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तर माझी पाहुणी उपाशी राहत नाही, एवढीच गोष्ट. मी स्वतः बायसेक्शुअल आहे, आणि आपल्यासारख्या मुलीवरही एकदा पोट धरून हसण्याजोगा, गोड शेवटाचा सिनेमा असावा, एवढी साधी हौस होती. ओळखीपाळखीच्यांकडून पैसे जमवून तो केला. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी पाहिला. एकाने लिहिलं, धाडसी. दुसऱ्याने लिहिलं, अस्वस्थ करणारा. तिसरीने तर वेदनेचा दस्तऐवज म्हटलं! अहो, त्यात एक मामा पोह्यांसाठी हात पसरून ताटकळत बसतो, वेदना कसली? एकानेही लिहिलं नाही की मी हसलो किंवा नाही हसलो. दुसरीकडे, ज्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता ते माझ्या तोंडावर ॲसिड फेकण्याचे मेसेज पाठवत होते. मला एकाच माणसाचं मत हवं होतं. नानांनी माझ्या लॅपटॉपवर सिनेमा पाहिला, झाकण मिटलं आणि म्हणाले, "पंगत बसू दे. मग सांगतो."

पंगत बसली धुळ्याला, एका भाड्याच्या सभागृहात, रविवारी दुपारी. हॉल बऱ्यापैकी भरला. मागच्या रांगांत काही पोरं टोळक्याने येऊन बसली होती. त्यांचा म्होरक्या भूषण, मंडप आणि साउंडचा धंदा करणारा, चांगला मोठा बाप्या माणूस. ते कशाला आलेत ते मला दिसत होतं, पण तिकीट काढून आलेल्याला उठवणार कसं? नाना पुढे खुर्ची उलटी करून बसले. दिवे मालवले. पोह्यांचा प्रसंग आला. नायिका ताटली घेऊन येते, आधी नवऱ्या मुलाला देते, मग त्याच्या हातातून काढून कॅमेरावालीला, मग परत त्याला... आणि मामा मधे हात पसरून बसलेलाच. हॉल फुटला. इतकं मोठं हसू मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या हसण्यातच मागून आरोळी आली. कुणीतरी माझे केस धरून मला मागे ओढलं, मी खाली पडले, पाठीत लाथ बसली. पडदा ब्लेडने उभा फाडला, तरी फाटक्या पडद्यावर मामाचा हात तसाच. लोखंडी घडीच्या खुर्च्या उडत होत्या. एक नानांच्या तोंडावर बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओलं लाकूड मोडावं तसा. मी गुडघ्यांवर सरपटत गेले तेव्हा नाना रक्ताने माखलेला चष्मा शोधत होते आणि दोन दात त्यांच्या सदऱ्यावर पडले होते.

जबडा तारेने बांधला. कित्येक आठवडे नाना नळीने पेज पीत होते, आणि ही बातमी छापून आल्यावर माझ्या सिनेमाचे तारे वाढले. खरंच सांगते. ज्याने अडीच दिले होते त्याने नवा लेख लिहून चार केले. मार खाल्ला म्हणून सिनेमा सुधारतो हे मला तेव्हा कळलं. मला त्या सगळ्यांची थोबाडं फोडावीशी वाटत होती, एकेक करून, सावकाश. नाना पाटीवर लिहून विचारायचे, काय लिहिलं आज? मी वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि पाटीवर लिहायचे : हसला का तो? मी म्हणायचे, नाना, लिहा ना तुम्ही आता. तर पाटी पुसून टाकायचे. मधेच मोडलेल्या पंगतीवर मत देत नाही म्हणे!

खटला उभा राहिला तेव्हा सगळं नानांवरच आलं. मला मागून धरलेलं, मी चेहरा पाहिला नव्हता. हॉलचा मॅनेजर फितूर झाला, म्हणाला मी चहाला गेलो होतो. अख्ख्या सभागृहात लोकांकडे तोंड करून बसलेला एकच माणूस होता. नाना साक्षीला उभे राहिले आणि भूषणकडे बोट दाखवून, वाकड्या जबड्याने पण स्वच्छ म्हणाले, यानेच खुर्ची मारली. मी मुठी आवळून बसले होते. मग आरोपीचा वकील उठला. तुम्ही समीक्षक, मग पडद्याकडे पाठ का? नानांनी पंगतीचं सांगितलं. बरं, मग माझे अशील काय करत होते? नाना म्हणाले, "हसत होते." वकिलाने पुन्हा विचारलं. "हसत होते. मामाचा हात पसरलेलाच राहतो ना, तिथे. मनापासून. पोट हलत होतं त्यांचं." कोर्टातला शिपाई फिस्सकन हसला. भूषणने मान खाली घातली. वकिलाने विचारलं, खुर्ची येताना दिसली तर वाकला का नाहीत? आणि नाना म्हणाले, "तोंडावरचं हसू उतरलं नव्हतं त्यांच्या. हसणारा माणूस मारेल असं वाटलं नाही." बस्स. वकिलाला आणखी काय हवं होतं? हसणारा माणूस मारेल कसा, साक्षीदारालाच तसं वाटत नाही, त्या अंधारात ओळख चुकली असणार. खाली बसता बसता त्याने थट्टेने विचारलं, म्हणजे सिनेमा चांगला होता तर? "मध्यंतरानंतर ढिला आहे," नाना म्हणाले. "पण हसवतो." न्यायाधीशसाहेबांनी बजावलं, विचारलं तेवढंच सांगा.

भूषण सुटला. संशयाचा फायदा. बाहेर फटाके, हार, गुलाल. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर नानांची कॉलर धरली. माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसाची, ज्याने माझ्यापायी दात गमावले त्याची कॉलर. दुसऱ्या हातातला अक्कांनी दिलेला डबा मी भिंतीवर आपटला, भरीत पायऱ्यांवरून ओघळलं. मी ओरडले, "कोणी सांगितलं होतं हसला म्हणून सांगायला? मारलं एवढंच सांगायचं होतं! तुमच्याच तोंडाने सोडवलंत त्याला!" नानांनी माझा हात काढला नाही. पलीकडे फटाके वाजत होते, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागलं, आणि मोठ्याने बोलताना जबडा दुखायचा. "तुले परीक्षण पाहिजे व्हतं ना? शपथवर दिनं. आखो काय पाहिजे?" मी म्हटलं, मला न्याय पाहिजे होता. ते म्हणाले, "तो हासना, शुभा. मी खोटं सांगू?"

त्यानंतरही मी पिंप्राळ्याला जात राहिले आणि दर वेळी भांडत राहिले. मारणारा माणूस हसूही शकतो हे मला पचत नव्हतं. तो राक्षसच असता तर सोपं होतं. नानांना पचलं होतं की नाही ते मला माहीत नाही... त्यांना घासच नीट चावता येत नव्हता. शेवटच्या भेटीतही तोच वाद. जाताना ते दारात म्हणाले, "मध्यंतरानंतरचं काप जरा." मी गाडीला किक मारली.

नानांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे रेंगाळले होते. अक्कांनी अचानक टीव्ही लावला आणि माझा सिनेमा सुरू केला. "त्यासले पुरा पंगतमा पाहना व्हता," एवढंच म्हणाल्या. सगळे खाली सतरंजीवर बसले. वेताची खुर्ची तशीच होती, टीव्हीकडे पाठ, लोकांकडे तोंड. अक्कांनी मला तिच्यात बसवलं. मी माझ्याच सिनेमाला पाठ करून बसले. मागून नायिकेच्या बांगड्या वाजल्या, ताटली ठेवल्याचा आवाज आला. पोहे. समोर भाचे, शेजारी, अक्का, सगळ्यांच्या तोंडावर टीव्हीचा निळसर उजेड. आणि ते हसले. सगळे एकदम, मोठ्याने. त्या आवाजासरशी माझी मान आपोआप खाली गेली, दोन्ही हात डोक्यावर गेले, डोळे घट्ट मिटले, आणि मी खुर्ची यायची वाट पाहत राहिले.

खुर्ची आली नाही. अक्कांचं हसणं तेवढं थांबलं. त्या म्हणाल्या, "वर देख, पोरी. नाना वर देखेत."

मी हात खाली घेतले. मान वर केली आणि सिनेमा संपेपर्यंत वरच ठेवली. मध्यंतरानंतर दोन भाचे मोबाइल पाहू लागले.