निळा डबा, पिवळा डबा

आमच्या लग्नाची गोष्ट घरात दरवर्षी एकदा तरी निघते. सांगणारे बदलत गेले, गोष्ट तीच राहिली: माझ्या काकांच्या आणि माझ्या सासऱ्यांच्या जिभेची कमाल, आणि सदर बाजारातल्या एका पारशी दुकानदाराची लबाडी. मुलं हसतात, सुना हसतात. मी तिथेच सुपारी कातरत बसलेला असतो आणि मान हलवतो. आता सुपारीही चावत नाही, त्यामुळे गप्प बसायला निमित्त उरलेलं नाही.

तेव्हा आमचा मुलूख, म्हणजे मध्य प्रांत, सी.पी. म्हणून ओळखला जाई. जबलपुरात मराठी घरं पुष्कळ होती, पण पाइप ओढणारे मराठी गृहस्थ माझ्या माहितीत दोनच. एक माझे काका. वडील लवकर गेल्यामुळे मी त्यांच्याच घरी, दीक्षितपुऱ्यात वाढलो. काका कमिश्नर कचेरीत बडेबाबू होते. एका साहेबाने विलायतेला परत जाताना त्यांना आपला जुना पाइप दिला होता. साहेबाला काकांना बढती द्यायची होती, ती राहिली, म्हणून पाइप दिला, असं काकू म्हणायची. दुसरे गृहस्थ वकीलसाहेब. ते अमरावतीकडून येऊन नेपियर टाऊनला स्थायिक झाले होते. जज्ज पाइप ओढतो म्हणून त्यांनीही घेतला होता.

दोघांचा तंबाखू सदरच्या त्याच दुकानातून येई, एकाच कंपनीचा. काकांचा निळा डबा आणि वकीलसाहेबांचा पिवळा. खरं तर डबे साधे पत्र्याचे, रंग फक्त झाकणाला. ही झाकणाची गोष्ट ध्यानात ठेवावी.

या दोन तंबाखूंवरून दोघांत जे वैर होतं ते भाऊबंदकीतही मी पाहिलं नाही. काकांचं म्हणणं, निळ्याच्या शेवटी एक गोडवा येतो, पोट भरल्यावर येतो तसा, आणि पिवळा म्हणजे कंपनीने निळा भरून झाल्यावर झाडून काढलेला केर. वकीलसाहेबांचं म्हणणं, पिवळ्याला एक आंबूस टोक आहे, खटल्यात शेवटी राखून ठेवलेला मुद्दा असतो तसं, आणि निळा हा विधवांच्या शिऱ्यासारखा मिळमिळीत. समोरासमोर आले की हेच. लायब्ररीत, लग्नात, एकदा तर कोणाच्या तरी तेराव्याला. हिवाळ्यात मात्र भांडण जरा थंड असे. याचं कारण तेव्हा कोणालाच सुचलं नाही.

कारण उन्हाळ्यात होतं. जबलपूरच्या वैशाखात तंबाखूचा चुरा होतो, पेटवला तर भपकन जळून जातो आणि जीभ भाजते. म्हणून रात्री डब्यात काहीतरी ओलं ठेवायचं आणि सकाळी काढून टाकायचं, अशी पाइपवाल्यांची रीत. काकू ग्वारीघाटला नर्मदेच्या वाळूत होणाऱ्या खरबुजाची साल ठेवी. देवाला नैवेद्य दाखवावा तशी ती म्हणे, "डब्याला पाणी दाखवून येते." काका रोज सकाळी ती साल उचलून खिडकीबाहेर गाईसाठी फेकत आणि पाइप भरत. सालीचा आणि गोडव्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. त्यांच्या लेखी ते पाणी होतं.

आता माझा संबंध. वकीलसाहेबांना एक मुलगी होती. गणपतीतल्या एका कार्यक्रमात माझी खुर्ची मोडली. तेव्हा सगळे धावले, आणि ती एकटी हसली. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत होतो, पगार बरा होता, पत्रिका जुळत होती. काकूने पुढाकार घेतला आणि ज्येष्ठातला मुहूर्त धरून वकीलसाहेबांच्या घरी बैठक ठरली.

बैठक फार छान झाली. देण्याघेण्याचं बोलणं झालं, मानपान झाला, पोहे झाले. मग दोघांनी पाइप काढले.

काकांनी दोन झुरके घेतले आणि नाक वर केलं. "वकीलसाहेब, राग नका मानू, पण इथे झाडूचा वास येऊन राहिला."

वकीलसाहेबांनी राग मानला. ते काकूकडे वळून म्हणाले, "वहिनी, ज्यांना निळ्या-पिवळ्यातला फरक कळत नाही, त्यांच्या घरात माझ्या मुलीच्या हातची भाजी कोणाला कळणार?"

"फरक कळत नाही? अच्छा. मी डोळे बांधून सांगतो."

"बांधा. मीही बांधतो."

आणि अशा रीतीने माझ्या लग्नाचं बोलणं बाजूला राहून पैज ठरली. दोघांनी डोळ्यांवर उपरणं बांधून दोन्ही तंबाखू ओढायचे. ज्याला ओळखता येणार नाही त्याने दुसऱ्याचा डबा श्रेष्ठ मानायचा आणि जन्मभर तोच ओढायचा. पंच म्हणून शेजारचे गुरांचे डॉक्टर नेमले, कारण त्यांचं नाक सरकारमान्य होतं. नवे डबे डॉक्टरांनीच आणायचे आणि पैजेपर्यंत माझ्याकडे ठेवायचे. मुलगा सरळ आहे, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. त्या घरात माझ्याविषयी झालेलं हे पहिलं आणि बराच काळ शेवटचं एकमत.

टांग्यात काकू म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी आहे, आणि तुम्ही तिला धुरात घालवून राहिले."

काका म्हणाले, "धुराचा प्रश्न नाही. उसूल का प्रश्न है."

मी मागे पाय लोंबकळत सोडून बसलो होतो. काकांना मी ओळखत होतो. हरले असते तर पिवळा ओढण्यापेक्षा त्यांनी दहा सोयरिकी मोडल्या असत्या. वकीलसाहेब हरले असते तर तेही तसेच. एक जरी हरला तरी ती मुलगी दुसऱ्या कोणाची तरी खुर्ची मोडलेली बघून हसणार होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सदरला गेलो आणि दुकानदाराला विचारलं, या दोन तंबाखूंत फरक काय? तो पारशी गृहस्थ वयस्कर, ढगळ पाटलोण घालणारा, गिऱ्हाईक नसलं की खुर्चीत डुलक्या घेणारा. त्याने दोन्ही डबे उघडून माझ्या नाकाखाली धरले. मला काही फरक कळला नाही. त्याने स्वतः हुंगून पाहिलं.

"फरक है, दीकरा," तो गंभीरपणे म्हणाला. "पीला पीला है, नीला नीला है."

घरी येऊन मी काकांचा डबा हुंगला. खरबूज. निव्वळ खरबूज. संध्याकाळी याद्या पोचवायच्या निमित्ताने वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांचा डबा मेजावर उघडाच होता आणि आत कैरीची साल होती, पनागरकडची आंबट कैरी. या दोन विद्वानांनी आयुष्यभर फळं ओढली होती. कोऱ्या डब्यांवर पैज झाली की दोघांनाही ढिम्म काही कळणार नव्हतं, आणि दोघेही दुसऱ्यावर लबाडीचा आळ घेणार होते.

उपाय सोपा होता. दोघांनाही जिंकवायचं.

पैजेच्या आदल्या दुपारी, घर निजलेलं असताना, मी अडगळीच्या खोलीत डॉक्टरांनी आणलेले डबे उघडले. निळ्यात खरबुजाची साल ठेवली, पिवळ्यात कैरीची. तेवढ्यात बाहेरून काकूने हाक मारली, मी झाकणं लावली आणि डबे सतरंजीखाली सारले. सकाळी अंधाऱ्या खोलीत हात घालून साली काढून घेतल्या. मला वाटलं, काम फत्ते.

पैज वकीलसाहेबांच्या व्हरांड्यात झाली. दोघे आरामखुर्च्यांत, डोळ्यांवर उपरणी, हातात पाइप. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघांचेही मोतीबिंदू एकाच दिवशी काढलेत. आत दाराच्या फटीत बायका. डॉक्टरांनी स्वतः पिवळ्या झाकणाचा डबा उघडला, दोघांचे पाइप मी त्यांच्या देखत भरले, पेटवून दिले.

काकांनी एक झुरका घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. वकीलसाहेबांनी घेतला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं.

"निळा," काका म्हणाले.

"निळा," वकीलसाहेब म्हणाले. "शिराच तो."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी डब्याकडे बघू लागलो. झाकण पिवळं होतं. मग दुसरा डबा झाला, आणि दोघांनी एका आवाजात सांगितलं, पिवळा. झाकण निळं होतं.

मला त्या क्षणी काकूची हाक आठवली. झाकणं मी अदलाबदल करून लावली होती.

डॉक्टरांनी घसा साफ केला. गुरांमध्ये ही अडचण येत नाही, असं काहीसं म्हणून त्यांनी निकाल दिला की दोघांचीही दोन्ही उत्तरं चुकली. दोघांनी उपरणी काढली आणि एकमेकांकडे पाहिलं. आता संपलं, असं मला वाटलं.

"तुम्ही काय सांगितलं?" काकांनी विचारलं.

"निळा. मग पिवळा."

"मीही तेच सांगितलं."

"आपण दोघंही चुकणार?" वकीलसाहेब सावकाश म्हणाले. "हे शक्य आहे का, बडेबाबू?"

"बिलकुल नाही. डबे उलटे आहेत."

"दुकानदाराने भरून ठेवले आहेत."

"तोच बदमाश."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं पटलं होतं. दोघे उठले, टांगा बोलावला, आणि मला पुरावा सांभाळायला म्हणून डब्यांसकट मध्ये बसवलं. वाटेत काका म्हणाले की वकीलसाहेबांची जीभ म्हणजे जीभ आहे. वकीलसाहेब म्हणाले, बडेबाबूंच्या एका झुरक्यापुढे साक्षीदार फिके. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते, आणि मी बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर साली निघाल्या असत्या. साली निघाल्या असत्या तर साऱ्या गावाने त्यांना खरबूजवाले आणि कैरीवाले म्हटलं असतं. मग कसलं लग्न.

दुकानात काकांनी शुद्ध हिंदीत आणि वकीलसाहेबांनी कलमं लावून त्या म्हाताऱ्याला झापलं. जुने डबे गोळा करून त्यांत स्वस्त माल भरतोस, वर झाकणंही नीट लावत नाहीस, असा आरोप. सदरच्या रस्त्यावर लोक जमले. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "साहेब, कंपनी का डब्बा है, हम तो खोला ही नहीं." मग तो माझ्याकडे वळला, कारण थोड्याच दिवसांपूर्वी मी त्याच्याशी गोड बोलून गेलो होतो. मी छताकडे पाहिलं.

लग्न ज्येष्ठातच झालं. व्याही इतके जिवलग झाले की दुपारच्या दुपार एकमेकांची जीभ वाखाणत बसत. तंबाखू नागपुराहून मागवू लागले, निळा आणि पिवळा, आणि उन्हाळ्यात साली तशाच चालू राहिल्या. दुकानातून मात्र मराठी गिऱ्हाईक उठलं. तंबाखूच काय, चहा-बिस्किटंसुद्धा कोणी घेईना. आमच्या घरात तर फसवणूक झाली की म्हणायची पद्धतच पडली, सदरचा डबा निघाला. माझी नातवंडं, ज्यांनी सदरमध्ये डबा पाहिला नाही, तीही म्हणतात.

कबूल करायला मी गेलो नाही असं नाही. लग्नानंतर कितीदा तरी गेलो. आत शिरलो की तो उभा राही, माझ्या डोळ्यांसमोर काका येत, आणि मी बुटाचं पॉलिश मागत असे. घरात पॉलिशच्या डब्या साचल्या. एक दिवस बायको म्हणाली, "एक विचारू? आपल्या घरी बूट कोणाचे आहेत?" मी सगळा जन्म चपलांत काढला आहे.

शेवटी एका दुपारी दुकान रिकामं होतं. मी पॉलिश न मागता सगळं सांगून टाकलं: साली, सतरंजी, झाकणं. तो ऐकत राहिला. मग खुर्चीत बसला.

"हम तो कंपनी को चिठ्ठी लिखा था, दीकरा," तो म्हणाला. "बहुत गाली लिखा. कंपनी ने माफी मांगा."

"माफी?"

"हां. दो डब्बा भेट भी भेजा. एक नीला, एक पीला. तो हम भी समझा, गलती कंपनी का है."

मला हसू आलं, त्यालाही आलं. दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला की त्याला दुसरं काही नको, मी दोन ओळी लिहून द्याव्या, तो त्या दुकानात लावील. "मराठी में लिखना. हिंदीवाले तो अभी भी आते हैं."

मी म्हणालो, उद्या आणून देतो. घरी आलो तर व्हरांड्यात काका आणि सासरे शेजारी शेजारी बसून धूर काढत होते. आत बायको कोणाला तरी हसत होती. मी विचार केला, हे दोघे आहेत तोवर कसं लावायचं. ते दोघे पुष्कळ वर्षं होते. मी सदरची वाट सोडली. मग एकदा तिकडून जाताना पाहिलं तर पाटी दुसरी होती. म्हातारा लेकीकडे निघून गेला, कुठे ते कोणाला नीट सांगता आलं नाही.

त्याने मागितलेल्या ओळी अशा:

सदरच्या दुकानातले दोन्ही डबे बरोबर होते. झाकणं मी उलटी लावली. माल चोख होता, आणि दुकानदारही.