फोटोतलं कोपर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा बायको साधी आहे याच समजुतीत गेला. मुलाला नाही. देवाला? त्याला ठाऊक असणारच, म्हणून त्याच्यासमोर विषयच काढत नाही. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘जुन्या बहरीनच्या आठवणी’ मागितल्यात. मला हल्ली एकच आठवण येते. तीच देते.

झालं असं — मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मुलीनं जुना फोटो टाकला. उम्म अल हस्समला राहते, नुकतीच नोकरीला आलीय. वडील वारले, त्यांच्या सामानात सापडला म्हणे. एका पबमध्ये पाच-सहा पुरुष, मागे भिंतीवर डार्ट्सची गोल फळी, प्रत्येकाच्या हातात बिअरचा दांडीवाला ग्लास. ‘डावीकडचे माझे बाबा. ही जागा कुठली, कुणी सांगेल का?’

लगेच सगळे तज्ज्ञ झाले. कुणी जुफेर म्हणे, कुणी मुहर्रक. एकानं लिहिलं, ‘जागा राहू दे, ग्लास बघा, बाबा रंगात आलेत!’ मुलीनं उत्तर दिलं — ‘बाबा पीत नव्हते. पण ते कुणी मानलंच नाही.’

माझी नात शेजारी बसून फोटो मोठा करत होती. ‘आजी, देअर्स अ लेडी हिअर.’ उजव्या कडेला, टेबलावर टेकलेलं एक कोपर. हिरव्या बांगड्या आणि नायलॉनच्या साडीचा पदर. बाकी बाई फोटोबाहेर.

‘असेल कुणीतरी आगाऊ बया,’ मी म्हटलं. आता हे काय खोटं होतं?

त्या बयेबद्दल सांगते. सित्र्याच्या एका कंपनीत टायपिस्ट होती. वेणीत गजरा नसला तरी कानात मात्र भरपूर वारं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस असे. नवरा शिफ्टवर गेला की ही फिलोमिना नावाच्या मैत्रिणीबरोबर मनामात ‘खरेदीला’ जायची. खरेदी म्हणजे पबच्या कोपऱ्यातलं टेबल आणि लिंबाच्या सरबतात जिन. वर बडीशेप. केवढी हुशारी!

आमच्या वर्कशॉपमधले गजभियेही तिथं येत. क्रेन चालवत. नागपूरकडचे, बौद्ध. नेम असा अचूक की डार्ट्सच्या टीमनं त्यांना ओढूनच नेलेलं. पण ग्लासात जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा. टीमला सगळ्यांना सारखेच ग्लास मिळत, म्हणून दिसायला बिअर. फिलोमिनानं एकदा त्यांना चिडवलं, तर हसून म्हणाले, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, त्यातली एक या ग्लासाची. आणि एकदा वेटरच्या ट्रेमधून माझा ग्लास त्यांनीच उचलून टेबलावर ठेवला. वास आला असणार. म्हणाले, ‘वहिनी, तुमचं सरबत जरा कडक दिसते.’ बस. पुन्हा कधी विषय नाही. कुणाजवळ नाही.

एका गुरुवारी पबमधून ते संध्याकाळच्या शिफ्टला गेले. क्रेनवरचा पाइप सुटला, एका माणसाचा पाय गेला. साखळी जुनी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका ड्रायव्हरनं त्यांना पबमधून बाहेर पडताना पाहिलेलं. मग साखळीचं नाव कोण काढतंय? डब्याच्या वेळी आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, ‘त्यांच्यात पितातच.’ मी — स्वतःला केवढी सुधारलेली समजायची मी — मी लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

शनिवारी गजभिये माझ्या टेबलापाशी आले. मॅनेजर उभा होता, अकाउंट्सवाले उभे होते. नवऱ्याचा मित्रही होता त्यांच्यात. गजभियांचा आवाज अगदी खाली.

‘वहिनी, तुम्ही होत्या तिथं. माझ्या ग्लासात काय होतं, तेवढंच सांगून द्या.’

तेवढंच. माझ्या ग्लासाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

आणि मी हसले हो. खरंच हसले. ‘मी? बारमध्ये? काहीतरीच काय गजभिये!’

सगळेच हसले. गजभियांनी माझ्याकडे पाहिलं — रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना एक वाक्य पुरलं असतं. ‘बाई, तुम्ही काय पीत होता ते सांगू का?’ ते बोलले नाहीत. मान हलवली, जणू मीच अडचणीत आहे आणि मला सोडवायचंय. दोन दिवसांत व्हिसा रद्द, घरी रवानगी, खलास. मी टाइपरायटरवर बोटं चालवत राहिले. कागद घातलेला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

तरुण होते, घाबरले — असं म्हणता आलं असतं, नाही? पण गेल्या महिन्यात मी कुठे तरुण होते? त्या मुलीनं ग्रुपवर मलाच विचारलं, ‘काकू, तुम्ही तेव्हा इथेच होतात ना? ओळखता का ही जागा?’ आणि या म्हातारीनं, ईसा टाउनच्या घरात, नातवंडांत बसून लिहिलं, ‘आम्ही नाही गं असल्या ठिकाणी जायचो.’ पुढे हात जोडलेलं चित्रसुद्धा टाकलं. तिनं ‘थँक यू काकू’ लिहिलं.

तेव्हापासून जेवायला बसलं, टेबलावर कोपर टेकलं, की मी ते उचलून घेते. नात विचारते, दुखतंय का आजी?

हा अंक त्या मुलीच्याही घरी जाईल. म्हणून नीट लिहिते. जागा मनामाची, सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत, हॉटेलच्या तळमजल्यावर. दार हिरवं होतं, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. डावीकडे गजभिये. त्यांच्या ग्लासात जिंजर एल. उजव्या कडेला जे कोपर आहे, ते माझं.