पाटील मॅडमचा समुद्र

आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी पडतात, किस्से मात्र उतू जातात. हल्लीचे बहुतेक पाटील मॅडमचे. तिथंच माझं पोट दुखतं!

अलिबागजवळच्या कॉलेजात मी बावीस वर्षं भूगोल शिकवतोय. मॅडम आल्या गेल्या वर्षी. त्यांनी कॉम्प्युटरवर आख्खा किनारा उभा केला: खाडी, खडक, डोंगर. डोळ्यांवर हेडसेट चढवला की मुलं त्यात फिरायला मोकळी!

*

उद्घाटनाला प्राचार्यांनी हेडसेट चढवला. समोरून लाट आली आणि सरांनी भर हॉलमध्ये पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली! सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. सर मात्र खूश. "मॅडम, बूट भिजले नाहीत हो!"

*

एकदा माझ्या तासाला निखिल नव्हता. फोन केला, तर "ताप हाय, सर." दुपारी मॅडमच्या तासाला डोकावलो, तर पडद्यावर तोच निखिल घरून मोबाइलवर हजर, खाडीकाठी पळतोय! पुन्हा फोन लावला.

"काय रे, ताप कुठं गेला?"

"ताप हितं हाय सर, तिथं न्हाय!"

*

मग ठरवलं, मॅडमची चूक काढायचीच. घरून गुपचूप त्यांच्या तासात शिरलो. तिथं वावरायला विशीतल्या, टोपी घातलेल्या पोराचं रूप निवडलं. सगळ्यांच्या मागे उभं राहून टाइप केलं, "हा वाळूचा दांडा चुकीच्या दिशेला नाही का?"

मॅडम म्हणाल्या, "खरंच की! आजच सुधारते. थँक्यू, म्हात्रे सर!"

माझ्या डोक्यावर माझं नाव तरंगत होतं!

*

आमची दीक्षा तिसऱ्या वर्षाला आहे, बोर्ली पंचतनची. कुबड्या घेऊन चालते. दरवर्षी मी मुलांना नागावच्या किनाऱ्यावर नेतो. वाळूत कुबड्या रुततात, म्हणून तिला बसमध्येच बसवायचो. "तू सगळ्यांच्या बॅगा सांभाळ हं," म्हणायचो. ती मान डोलवायची. मला वाटायचं, किती काळजी घेतो आपण पोरीची!

परवा मॅडमनी मलाही रीतसर तासाला बोलावलं. हेडसेट घातला, पण चालणं काही जमेना. सगळी मुलं डोंगर चढून गेली, मी पायथ्याशी एका खडकात अडकलो.

वरच्या कड्यावरून कुणीतरी उड्या मारत खाली आलं. डोक्यावर नाव: दीक्षा.

"जमत न्हाय का, सर?"

"नाही गं."

"मग बसा हितंच. आम्ही जाऊन येतो, तुम्ही बॅगा सांभाळा!"