मोकळ्या गाड्यांचा मिस्त्री

मिस्त्रींच्या दुकानाच्या पाटीवर ‘विजेच्या सर्व दुचाकी दुरुस्त करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं आहे. बिघडवूनही मिळतील, हे लिहायची सोय नव्हती. पण गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं.

बिघडवणं हा शब्द अर्थात मिस्त्रींचा नव्हे. ते म्हणत, ‘मोकळी करणं’. ताशी पंचवीसच्या वर न जाणाऱ्या स्कूटरला परवाना लागत नाही, नंबराची पाटी लागत नाही, म्हणून लोक ती घेतात. घेतल्यावर महिन्याभरात त्यांच्या लक्षात येतं की ती पंचवीसच्या वर जात नाही. मग ते मिस्त्रींकडे येतात. पुढचं झाकण उघडायचं, आतली एक पांढरी वायर कापायची, झाकण लावायचं. सात मिनिटांचं काम. गाडी पंचेचाळीसच्या पुढे जाते. ब्रेक मात्र पंचवीसचेच राहतात, कारण ब्रेक मोकळे करून मागायला अजून कोणी आलेलं नाही.

वीस वर्षं पंखे आणि मिक्सर दुरुस्त केलेला हा माणूस, कामाला चोख. झाकण बसवल्यावर तो वरच्या स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देई. ठिपका तडकलेला दिसला की समजायचं, आपल्यामागे दुसऱ्या कुणी हात घातलाय. बायको म्हणायची, “माझ्या बोटांना कधी लागलं नाही, ते गावभरच्या गाड्यांना लागलंय.” आणि मोकळ्या केलेल्या गाडीचा मालक फोनमध्ये ‘मोकळी’ या आडनावाने जाई: ‘दूधवाले मोकळी’, ‘शिकवणीचे सर मोकळी’, ‘नर्सबाई मोकळी’. अशी एकेचाळीस माणसं होती. मिस्त्री स्वतः सायकल वापरत.

त्यांची थोरली बहीण ताई. एका शाळेच्या ग्रंथालयात तिने चौतीस वर्षं काढली. पुस्तक एक दिवस उशिरा आणणारी मुलं तिला रस्त्यात पाहून बोळ बदलत. छापलेल्या अक्षरावर तिची देवापेक्षा जास्त श्रद्धा. देवाने काही छापून दिलेलं नाही, हे तिचं कारण. गुडघे कुरकुरायला लागले तसं तिने स्कूटरचं मनावर घेतलं. आधी वापराच्या सूचनांची चौसष्ट पानांची पुस्तिका मिळवली, पेन्सिल घेऊन दोनदा वाचली, मग भावाकडून शिकवणी घेतली. हेल्मेटच्या पट्ट्यात दोनच बोटं जावीत. पदर खोचावा. चालवताना फोन घेऊ नये. तो डिकीत टाकावा आणि विसरावा. हा शेवटचा नियम मिस्त्रींनीच तिला तीनदा बजावला होता.

“आणि वेग?” तिने विचारलं होतं.

“त्याची काळजी नको. मूठ पूर्ण पिळलीस तरी पंचवीसच्या वर जाणार नाही.”

“पान अकरा,” ताई म्हणाली होती. “तिथेही हेच आहे.”

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मिस्त्रींची बायको फोन नाचवत दुकानात आली. “अहो, वन्सं नव्या गाडीवर येताहेत! तुम्हाला चकित करायचंय म्हणून मला फोटो पाठवलाय.”

फोटोत ताई हेल्मेट घालून, परीक्षेला बसल्यासारखी, एका निळ्या स्कूटरवर बसली होती. खाली मजकूर: ‘जुनी पण छान मिळाली. निघते. वाटेत फोन घेणार नाही.’

मिस्त्री हसत हसत फोटो मोठा करायला गेले. हँडलखालचं झाकण आलं, झाकणावरचा स्क्रू आला, आणि स्क्रूवर लाल ठिपका आला. न तडकलेला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

मिस्त्रींनी ताईला फोन लावला. घंटी गेली, जातच राहिली. दुसऱ्यांदा लावला. घंटी. डिकीत टाकावा आणि विसरावा. ताईने एकदा विसरायचं ठरवलं की ती विसरायची.

मग ‘नर्सबाई मोकळी’ला लावला. निळी गाडी तिचीच.

“हो, तुमच्या ताईंनाच दिली,” नर्सबाई म्हणाली. “म्हटलं, मिस्त्रींचीच बहीण, त्यांनी सांगितलंच असेल सगळं.”

“पण विकली कशाला?”

“खरं सांगू? टेकडीच्या उतारावर एकदा थांबलीच नाही हो. दोन्ही ब्रेक आवळले, तरी सरळ शाळेच्या फाटकापर्यंत. सुट्टीचा दिवस होता म्हणून बरं. मला वाटलं, मलाच जमत नाही.”

ताईचं घर टेकडीवर. त्या घरापासून दुकानापर्यंत एकच रस्ता, आणि तो तोच उतार. खाली तेच फाटक. साडेअकराला लहान वर्ग सुटतात. आणि ताई मूठ पूर्ण पिळणार, कारण पान अकरावर तसं छापलेलं आहे, आणि भावानेही तसंच सांगितलेलं आहे.

सायकल चढावर कामाची नव्हती. पंक्चर काढून तयार असलेली शिकवणीच्या सरांची गाडी दारात उभी होती. मिस्त्री तिच्यावर बसले आणि मूठ पिळली.

आपलं काम किती चांगलं झालंय, हे त्यांना पहिल्यांदाच बसून कळत होतं. गाडी खालून निसटल्यासारखी सुटली. डोक्यावर हेल्मेट नाही, एका हातात कानाला लावलेला फोन, फोनमध्ये घंटी. गाडीच्या पडद्यावर अडतीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाऱ्याने असावं. चौकात दिवा लाल झाला. मिस्त्रींनी फोन खिशात कोंबून दोन्ही ब्रेक आवळले. गाडीला ते कळायला वेळ लागला. ती पांढऱ्या पट्ट्यांवरून घसरत गेली आणि एका काठीवाल्या आजोबांपासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

“आंधळा आहेस का रे?” आजोबा ओरडले. “की ब्रेक घरी ठेवून आलास?”

मिस्त्रींनी गाडी सरळ केली. हा सपाट रस्ता होता. ताई उतारावर असेल.

शाळेच्या फाटकाशी रिक्षा लागल्या होत्या, आया उभ्या होत्या. म्हणजे अजून इथवर काही आलेलं नव्हतं. मिस्त्री त्या बायकांकडे बघत पुढे गेले आणि चढाला लागले. प्रत्येक वळणावर त्यांना आधी निळा रंग दिसे आणि मग ती पाण्याची टाकी निघे, दुकानाचं शटर निघे. तिसऱ्या वळणावर दहाबारा माणसं गोल करून उभी होती. गाडी कशी थांबली ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. माणसांच्या खांद्यांमधून त्यांनी डोकावलं. फुटलेल्या पाइपातून पाणी उडत होतं आणि दहाबारा माणसं ते बघत होती.

त्यांनी पुन्हा मूठ पिळली.

ताई सापडली ती उतार सुरू होतो तिथल्या कठड्यावर. हेल्मेट डोक्यात, पट्टा आवळलेला, मांडीवर पुस्तिका. निळी गाडी भिंतीला टेकून उभी होती. तिचा आरसा लोंबत होता आणि भिंतीवर हातभर लांब निळा ओरखडा उमटला होता.

“ताई!”

“ओरडू नकोस,” ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. “सपाटीवर मूठ पिळली. पडद्यावर सव्वीस आले. पुस्तकात पंचवीस आहे. मी लगेच मूठ सोडली, ब्रेक दाबला, तोवर चौतीस. थांबेना, म्हणून भिंतीला घासली. आता बघतेय, चूक पुस्तकाची की गाडीची.”

तिच्या कोपराचं कातडं सोलवटलं होतं. ती बसली होती तिथून वीस पावलांवर रस्ता खाली कलंडत होता. खालून, बरंच खालून, शाळेची घंटा ऐकू आली, आणि मग पोरांचा कल्ला.

दोघंही तो ऐकत बसली.

“पुस्तकाची नाही,” अखेर ताई म्हणाली. “ही गाडी कुणीतरी उघडलीय. त्या स्क्रूवर लाल काहीतरी आहे, ते पुस्तकातल्या चित्रात नाही. कोण गाढव असेल रे?”

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. “मी.”

ताईने पुस्तिका मिटली. उशिरा पुस्तक आणणाऱ्या मुलांकडे ती जसं बघायची, तसं तिने पाहिलं नाही. तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“अशा किती?”

“एकेचाळीस.”

“आत्ता सगळ्या रस्त्यावर असतील.”

“असतील.”

“फोन आहे ना? लाव. आधी गाड्या थांबवायला सांग, वायर मग जोड. मी बसलेय.”

मिस्त्रींनी कठड्यावर बसून यादी काढली. पहिले होते ‘दूधवाले मोकळी’. मिस्त्रींना वाटलं, गाडीवर असतील तर उचलणार नाहीत. निदान ताईसारखं एखादं माणूस असेल.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“बोला मिस्त्री!” दूधवाले आनंदाने ओरडले. त्यांच्या आवाजापेक्षा मोठा, सुसाटलेला वारा फोनभर घोंगावत होता. “काय पळतेय म्हणून सांगू!”

“गाडी बाजूला घ्या. ऐकताय ना? आधी थांबा.”

“काय? वारा आहे हो! जरा मोठ्याने बोला!”

“थांबा! मूठ सोडा!”

“ऐकू येत नाही!” दूधवाले हसले. मग कुणाचा तरी लांबलचक हॉर्न, आणि वारा तसाच.

मिस्त्रींनी फोन कानाला दाबून धरला. “हॅलो,” ते म्हणाले. “हॅलो.” ताईने हेल्मेटचा पट्टा सोडला नव्हता. ती भावाच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि खाली अजून चाळीस नावं होती.