काचघरातला तांबेरा

११ फेब्रुवारीला भावोजींनी पाठवलेलं पाकीट आलं. तिकिटं कमी लावली होती, म्हणून वरचे अठरा रुपये काचघरवाल्यांनाच भरावे लागले. आत गव्हाची सात पानं होती आणि पानांवर तांबेऱ्याची लालसर भुकटी.

गहू संशोधन केंद्रात सगळे त्यांना काचघरवाले म्हणत. नोकरीची सव्वीस वर्षं काचघरातच गेल्यावर खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. तांबेरा ही बुरशी जिवंत पानावरच जगते. तिचे नमुने राखायचे, तर दर पंधरवड्याला जुन्या रोपांवरून नव्या रोपांवर न्यावे लागतात. हे काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून त्यांना मोठी रजा कधी मिळाली नाही. "तुमची बुरशी म्हणजे तान्हं मूल," बायको म्हणायची. "फक्त मेलं मोठं होत नाही."

त्यांनी ती भुकटी निरनिराळ्या वाणांच्या रोपांवर लावली. कोणता वाण आजारी पडतो आणि कोणता तगतो, यावरून तांबेऱ्याची जात कळते. दोन आठवड्यांनी रोपं पाहिली आणि त्यांनी नोंदवही काढून पुन्हा ताडून बघितलं. ही जात शेतांतून केव्हाच नाहीशी झाली होती. ती जिवंत होती फक्त त्यांच्या काचघरात.

जानेवारीत ते दोन दिवस ताईकडे गेले होते. बुरशी अंगावरून बाहेर जाऊ नये म्हणून, नियमाप्रमाणे अंघोळ करून, कपडे आणि चपला बदलून. बांधावर भावोजींनी डिवचलं, "काय डॉक्टरसाहेब, आमच्या गव्हाची नाडी बघा की! का फी घेतल्याशिवाय हात लावत नाही?" सगळे हसले. यांनीही ऐटीत खिशातून भिंग काढून पानाला टेकवलं. भिंग काचघरातलं होतं.

ताईचा फोन आलाच. "निघालं का रे काही?"

"बघतोय."

"अरे, पान आहे ते. मी नवरासुद्धा इतका निरखला नव्हता! हे विचारतायत, कापणीपर्यंत थांबलं तर चालेल ना? अजून बांधापाशीच आहे."

'नमुना खराब' एवढं लिहिलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. पण कापणीपर्यंत तांबेऱ्याने वाऱ्याबरोबर जाऊन गावोगावचा गहू धरला असता. खरं सांगावं तर बहिणीचं शेत जाणार आणि नोकरीही. काचेतून चहूकडचं दिसत होतं, पण दार एकच होतं आणि ते साहेबांच्या खोलीकडे जात होतं.

"थांबू नका," ते म्हणाले. "उभं शेत जाळावं लागेल. आणि ताई... रोग मीच आणला. माझ्या भिंगातून."

ताईने फोन नवऱ्याच्या हातात दिला. मग भावोजींचा आवाज आला. "डॉक्टर, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही, भावोजी."

साहेबांनी ऐकलं आणि बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. "आत्ताच्या आत्ता घरी बसवलं असतं तुम्हाला," ते शेवटी म्हणाले. "पण परवा रोपं बदलायचीत. ती कोण बदलणार? जा आत."

पगारवाढ कायमची थांबली, काम तेच राहिलं. गव्हाची भरपाई केंद्राने दिली. ताई फोन करते, भावोजी करत नाहीत. शेत जाळायला लागलेल्या डिझेलचे तीनशे ऐंशी रुपये काचघरवाल्यांकडून भावोजींना अजून यायचे आहेत.