ओल्या बोटांची संथा

मांडवगण फराट्याच्या आमच्या मंदिरात बारा वर्षे दुपारी चार वाजता मी स्त्रियांना स्तोत्रांची संथा देत आलो. संथेची रीत ठरलेली आहे: गुरूने चरण एकदा म्हणावा, शिष्यांनी तो दोनदा म्हणावा. माझ्या आठ विद्यार्थिनींपैकी पाच जणींना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांचे पाठांतर निर्दोष होते. मला त्याचा अभिमान होता आणि त्या अभिमानालाच मी भक्ती समजत होतो.

गेल्या वर्षी त्या आठ जणींतलीच एक, चौथीपर्यंत शिकलेली, त्याच वेळी त्याच सभामंडपात पूर्वेच्या खांबाशी बसून बायांना मोबाईल शिकवू लागली. गावात रेंज धड मिळे ती तेवढ्याच जागी. पिकाची नोंद आता मोबाईलवर करायची होती. पण फोन पुरुषांच्या खिशात, आणि त्यावरची अक्षरे बहुतेकींना परकी. महिन्याभरात माझ्यापुढे तिघी उरल्या. त्याही स्तोत्र म्हणताना खांबाकडे पाहत.

मला मत्सर वाटला. षड्रिपूंवर मी प्रवचने केली आहेत, आणि सहावा रिपू माझ्याच आसनावर येऊन बसला होता. माझ्या मुलाने मला फोन दिला होता. रोज सकाळी संध्या आटोपताच मी तो गुपचूप हाती घेई, पण तो माझे काही ऐकत नसे. फोनच सदोष आहे, असे मी ठरवून टाकले.

एके दिवशी तिचे शिकवणे कानी पडले. ती एकदा सांगे, "हिरव्या खुणेवर बोट ठेवा," आणि बाया ते दोनदा करत. ती माझीच संथा होती. तिने मला विचारलेसुद्धा नव्हते. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एकच जण आली, सत्तरीची, माझी सर्वांत जुनी विद्यार्थिनी. तीही उभ्या उभ्या म्हणाली, "आबा, आज फोन माझ्या हातात हाय. उद्या न्हाई मिळायचा." आणि ती खांबाकडे गेली.

समोर कोणीच नसताना कोणाला संथा देणार? मी फोन घेऊन तिच्यामागे गेलो. तिथे शिकवणाऱ्या माझ्या शिष्येने मला चटईवर जागा करून दिली. फोन हेही विद्येचे साधन, म्हणून मी पळीने हातावर पाणी घेतले, नमस्कार केला आणि पडद्याला बोट लावले. काहीच हलले नाही.

"आबा, आधी बोटं पुसा," ती म्हणाली. "तुमचं तीर्थ त्येला चालत न्हाई."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी उपरण्याला बोटे पुसली आणि पडदा उघडला. इतके महिने मी निर्दोष वस्तूला दोष दिला होता.

"आता दोनदा करा," ती म्हणाली. मी केले. पण शेजारच्या सत्तरीच्या बाईने माझ्याआधी केले आणि शाबासकी तिला मिळाली. ती शाबासकी मला टोचली.

आता मी माझी संथा तीन वाजता घेतो, आणि बाया येतात. पण चार वाजत आले की चटईवरची पहिली जागा त्या म्हातारीला मिळू नये म्हणून शेवटचा श्लोक मी जरा घाईने म्हणतो.