साडेचार तासांवरचं लंडन

मी गाव सोडलं तेव्हा स्टँडवर फक्त बाबा आले होते. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीच्या गजावरचा हात काढला आणि म्हणाले, "शिकलास, आता मागं बघू नको." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बाबांची मजुरी, स्कॉलरशिप आणि गावच्या शाळेतले गुरुजी नसते तर नवी मुंबईत महाप्याच्या ऑफिसातली ही खुर्ची मला मिळाली नसती.

पाच वर्षांनी धाकटा भाऊ संदीप लंडनला निघाला, तेव्हा मात्र जीप भरून माणसं आली, पार मुंबईच्या विमानतळापर्यंत. माझ्या नेरूळच्या फ्लॅटवर माय पहिल्यांदा आली ती त्याच दिवशी. मी बोलवून थकलो होतो. "एवढं लांब बसवत नाही रे," म्हणायची.

संदीपनं तिला तिकीट वाचून दाखवलं होतं. दुपारी दोनला विमान उडणार, साडेसहाला उतरणार. तेव्हापासून माय गल्लीत सांगते, "माझा संदीप साडेचार तासांवर हाय. थोरल्याला यायला पंधरा तास लागतात."

मागच्या खेपेला शेजारच्या कांताकाकूंनी मला भर ओट्यावर गाठलं. "काय रं, लंडन तुझ्यापेक्षा जवळ म्हणं! तू तर मुंबईलाही पोचला नाहीस, खाडीच्या अलीकडंच उतरलास." सगळे हसले. मीही हसलो, पण आत जळत होतो.

परत आल्यावर ऑफिसात बसून शोधलं. मुंबई ते लंडन सात हजारांवर किलोमीटर, विमानानं साधारण दहा तास. नांदेडकडचं आमचं गाव नेरूळपासून साडेसहाशेच्या आसपास, गाडी बदलून पंधरा तास. म्हणजे मायसारखं नुसतं विमान मोजलं, तर खऱ्या हिशेबानंही संदीपच पाच तासांनी जवळ! ते जास्त झोंबलं. तो तीन वर्षांत एकदाही आला नाही. मी दर दोन महिन्यांनी जातो.

रविवारी मी मुद्दाम फोन लावला. "माय, तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं. दहा तास लागतात. उगाच साडेचार सांगत फिरू नको."

ती म्हणाली, "मला कळत नाही का? त्या दिवशी त्याचा पोचल्याचा फोन यायला रात्रीचे बारा वाजले. तुझ्याच घरात जागी बसले होते मी. साडेचार म्हणलं की बरं वाटतं, एवढंच."

"मग माझे पंधरा तास कधी कमी करून नाही सांगत?"

"तुझे कशाला कमी करू, लेका? तू येतोस की."

गाव सोडलेल्या माझ्यासारख्यांनो, घर म्हणजे आता मला एवढंच कळतं, की जिथं आपलं येणं कुणीतरी धरूनच चाललेलं असतं. ते मला मिळालं, हे थोडं नाही. तरी संदीपचा हेवा काही जात नाही. मायनं माझ्यासाठीही एखादा तास खोटा सांगावा, असं वाटत राहतं.